आईनं आवरलेली खोली

आमच्या हॉस्टेलच्या मुली कॉलेजात वासावरून ओळखू यायच्या. पावसाळ्यात तर लांबूनच. कपडे वाळत घालायला एकच व्हरांडा होता. त्यात सगळ्यांच्या ओढण्या, कुर्ते आणि टॉवेल एकमेकांना चिकटून लोंबत असायचे. दिवसच्या दिवस ओले राहून त्यांना जो कोंदट, आंबूस वास लागायचा तो पावडरनं जात नसे, आणि अत्तर मारलं तर आणखीच भयंकर व्हायचा. आम्हाला तो कळत नसे. नाकाला सवय झाली होती. तो कळायचा तो समोरच्याच्या तोंडाकडे बघून.

एकदा केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला आम्ही आत शिरलो आणि मॅडम हसत हसत म्हणाल्या, "खिडक्या उघडा गं जरा, हॉस्टेलची मंडळी आली." मॅडम वाईट नव्हत्या. सहज बोलल्या. सगळा वर्ग हसला. मीही हसले, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले, म्हणजे कुणाला वाटू नये की मला लागलं. मग दोन तास मी हात अंगाशी चिकटवून टेस्ट ट्यूब धरत होते. हात वर केला की काखेतून वास येईल अशी भीती. त्या दिवशी कुठला क्षार ओळखायचा होता ते मला आजही सांगता येणार नाही.

हॉस्टेल रत्नागिरीत, मिरजोळ्याच्या बाजूला होतं. पूर्वी ती कुठल्याशा कंपनीची कचेरी होती म्हणे. कंपनी गेली, इमारत राहिली, मग आमच्या कॉलेजच्या संस्थेनं ती घेतली आणि 'मुलींचे वसतिगृह' असा बोर्ड लावला. बोर्ड मात्र छान होता. स्लॅब गळायचा. त्यावर निळं प्लॅस्टिक टाकून वर दगडी चिरे ठेवले होते, पण वारा सुटला की प्लॅस्टिक रात्रभर फडफडायचं आणि पाणी आपल्या वाटेनं खाली यायचंच. आमच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत आषाढात हिरवी व्हायची आणि श्रावणात काळी. बोअरचं पाणी तांबडं. पांढरा टॉवेल महिनाभरात चहाच्या रंगाचा व्हायचा. आणि बाथरूमच्या दाराला कडी नव्हती. आत एक मुलगी गेली की बाहेर दुसरी दार ओढून उभी राहायची. त्याला आम्ही 'राखण' म्हणायचो. "ए, माझी राखण करायला चल ना," असं सकाळी सकाळी कुणाच्या तरी पाया पडावं लागायचं. जिच्याशी भांडण झालंय तिच्याशीसुद्धा अंघोळीपुरती गट्टी करावी लागायची.

घरी मी यातलं काही सांगितलं नव्हतं. प्रवेश घ्यायला आई आली होती ती मे महिन्यात. तेव्हा सगळं कोरडं होतं आणि नुकताच रंग दिलेला होता. आईनं खाटेवर हात फिरवून बघितला आणि म्हणाली, "बरा हाय." बाबा मुंबईला वॉचमन. गावातल्या माणसांबरोबर एका खोलीत राहायचे. फोनवर त्यांनी मला एकच विचारलं होतं, "तुला स्वताची खाट हाय ना गो?" हाय म्हटल्यावर ते इतके खूश झाले की पुढं सगळं चांगलंच सांगणं भाग पडलं. व्हिडिओ कॉल आला की मी धावत जिन्यात जायची. जिन्याची भिंत चांगली होती. तीन वर्षं माझ्या आईवडिलांनी माझ्या मागं तीच भिंत बघितली असती, आणि मला ते चाललं असतं. पण तो प्रॅक्टिकलचा दिवस मला काही गिळता येईना.

माझ्या खोलीत हर्ण्याची एक मुलगी होती. आम्ही एकमेकींना गावानंच हाक मारायचो, त्यामुळे ती हर्णेवाली. बाप दुबईला, चुलते मच्छीचे व्यापारी, आवाज अगदी लिलावात बोली लावणाऱ्यासारखा. मी कुरकुर करणारी, ती ओरडणारी. आम्ही दोघी मिळून रेक्टर बाईंकडे गेलो. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "इतक्या वर्षांत कुणी तक्रार केली नाही." हे खरं होतं. खेड्यांतून आलेल्या मुली, 'आपल्या घरी तरी कुठं टाईल्स आहेत' असं म्हणत गप्प बसत होत्या. मीही बसलेच होते की. पण आमच्या घरी शेणानं सारवलेली जमीन असली तरी भिंत कधी काळी झाली नव्हती, आणि आमच्या न्हाणीला पोत्याचा पडदा असला तरी त्यापलीकडे आमचंच माणूस होतं.

मग आम्ही खोलीचे फोटो काढले आणि थेट संस्थेच्या अध्यक्षांना व्हॉट्सॲपवर पाठवले. बाईंना ते कळल्यावर त्या लाल झाल्या. "फोटो काय, कुठलेही काढता येतात," म्हणाल्या. पण अध्यक्षांचं उत्तर आलं होतं. ते म्हणाले, गुरुवारी दुपारी मी स्वतः येऊन बघतो.

त्या रात्री मी सगळ्या मुलींना आमच्या खोलीत गोळा केलं. मला फार जोर चढला होता. मी म्हटलं, गुरुवारपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. भिंत पुसायची नाही. गळतीखालची बादली भरून वाहिली तरी वाहू दे. बुरशी धरलेली गादी पालथी करायची नाही, दिसू दे. व्हरांडा झाडायचा नाही. त्यांना जसं आहे तसं बघू दे.

ऐकायला सोपं वाटतं. पण दिवेलागणीला केर काढल्याशिवाय जिला जेवण जात नाही अशा मुलींच्या घोळक्याला घाण तशीच ठेवायला सांगणं म्हणजे उपास करायला सांगण्यासारखं होतं. एक जण तर गुपचूप खाटेखालचं झाडताना सापडली. हर्णेवालीनं तिच्या हातातून झाडू काढून घेतला आणि आमच्या कपाटात कुलूपबंद केला. आम्ही हसलो. बऱ्याच दिवसांनी त्या इमारतीत सगळ्या मिळून हसत होतो. बुधवारी रात्री जोराचा पाऊस झाला, गळती छान धो धो सुरू झाली, आणि आम्हाला आनंद झाला. ओल्या गादीवर पाय पोटाशी घेऊन मी झोपले आणि मला वाटलं, आता काय ते होईल.

गुरुवारी सकाळी सगळ्याच मुली खोल्यांची दारं नुसती ओढून कॉलेजला गेल्या; आमचं प्रॅक्टिकल होतं. जेवणाच्या सुमारास मी आणि हर्णेवाली परत आलो. जिन्यातच मला धुण्याच्या सोड्याचा वास आला. व्हरांडा ओला होता, पण घासून ओला होता. ओढण्या घडी करून एका बाकावर ठेवलेल्या. बाथरूमच्या दाराला आतून सुंभाचा फास आणि चौकटीला खिळा, म्हणजे चक्क कडी. हर्णेवाली मला म्हणाली, "ह्या रेक्टरनं काम केलंन बघ. माणसं लावलेन हिनं." तिनं एक शिवी घातली आणि आमच्या खोलीचं दार ढकललं.

आत आई होती.

खाटेवर बसून ती पदरानं मान पुसत होती. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, हात सोड्यानं लाल झालेले. भाताची लावणी आटोपली होती, म्हणून सकाळच्या गाडीनं रत्नागिरीला आली होती. गौरीसाठी बाबांनी मुंबईहून नवी साडी पाठवली होती, तिला फॉल-पिको करायचं होतं, आणि त्या निमित्तानं लेकीला बघून जावं म्हणून ती न सांगता आली. दारावरच्या वॉचमननं 'आई आहे' म्हणून वर सोडलं. आणि सोडता सोडता त्यानं तिला सांगितलं की आज मोठी माणसं यायची आहेत, तुमच्या पोरीची खोली बघायला.

खोली ओळखू येत नव्हती. जमीन चकचकीत. गाद्या उन्हाअभावी उभ्या करून पंख्याखाली लावलेल्या. ती जिथं जिथं पोचली तिथली बुरशी गेलेली. स्लॅबमधून जिथं पाणी ठिबकायचं तिथल्या हुकात तिनं काठीच्या टोकानं सुंभ अडकवलं होतं. आमच्या घरी कौल फुटलं की असंच करतात. पाणी त्या सुंभावरून गुपचूप घसरत खालच्या बादलीत जात होतं, ठिपक्याचा आवाजसुद्धा नव्हता. आणि पश्चिमेकडच्या काळ्या भिंतीवर, उंचावरच्या खिळ्यांना तशीच काठीनं अडकवून, तिनं ती नवीकोरी साडी लावली होती. जांभळी, बारीक जरीच्या काठाची. घडीचा मोडसुद्धा गेला नव्हता. गणपतीच्या मखरामागं लावतात तशी ती साडी नीट ताणून लावली होती.

"आई, हे काय केलंस?" मी म्हटलं. 

"काय म्हंजे?" आई म्हणाली. ती खूश होती. "देवानंच मला आज पाठवलान बघ. मी नसते आले तर काय झाला असता? ती माणसा येऊन ह्या सगळा बघणार, आनि म्हननार, कुनाची गो ही पोर, हिच्या आवशीनं हिला काय वळान लावला नाय काय?" मग आवाज खाली करून म्हणाली, "मला खरा सांगू, दार उघडला आनि मला रडायलाच आला. एवढी घान तू कदी ठेवत नव्हतीस गो. आजारी हायस काय?"

हर्णेवाली माझ्याकडे बघत होती. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "साडी काढ. सुंभ काढ. पाच मिनिटांत होतंय सगळं परत." तिचं बरोबर होतं. सुंभ सोडलं असतं तर पाणी परत जमिनीवर आलं असतं, गाद्या खाली टाकल्या असत्या, साडी ओढली असती. पण तसं करायचं तर आईला सांगावं लागणार होतं की ही घाण आम्ही मुद्दाम ठेवली होती, तू सकाळपासून गुडघ्यावर बसून घासलंस ते आमच्या मुळावर आलंय. आणि त्याच्याही आधी हे सांगावं लागणार होतं की मी तुझ्याशी इतके महिने खोटं बोलतेय. मी साडीला हात लावला नाही. आईनं पिशवीतून डबा काढला. तवशाच्या दिवसांत आमच्याकडे काकडी किसून, तांदळाचा रवा आणि गूळ घालून तवसळी करतात, ती तिनं माझ्यासाठी आणली होती. ती आता आमच्या स्टीलच्या ताटलीत मांडत होती. "पावने येतायत तर त्यांच्या हातावर कायतरी ठेवला पायजे," म्हणाली.

तेवढ्यात खाली गाडीचा आवाज आला.

अध्यक्ष वयस्कर होते. पांढरा शर्ट, हळू बोलणं. मी मनात रंगवलेला माणूस असा नव्हता. त्यांच्यासोबत संस्थेचे आणखी एक गृहस्थ आणि आमच्या रेक्टर बाई. फोटो आमच्या खोलीचे होते म्हणून ते सरळ आमच्याच खोलीकडे आले. बाकीच्या मुली दारात गोळा झाल्या. त्यांनाही एव्हाना काहीतरी बिनसलंय हे दिसत होतं. अध्यक्ष उंबऱ्याशी थांबले, चकचकीत जमिनीकडे बघितलं आणि चपला बाहेर काढल्या. आई इतकी हरखली की तिनं पटकन डोक्यावरून पदर घेतला.

"बसा सायेब, बसा," ती म्हणाली. तिनं खाटेवरची चादर हातानं सारखी केली. ते बसले. तिनं ताटली पुढं केली. त्यांनी 'कशाला, कशाला' म्हणत तवसळीचा तुकडा घेतला, खाल्ला, "वा, कित्येक वर्षांनी खाल्ली," म्हणाले, गाव कुठलं ते विचारलं, त्या गावचं कोणीतरी त्यांच्या ओळखीचं निघालं. असंच होतं आपल्याकडे. दोन मिनिटांत ती पाहणी राहिलीच नाही. आमच्याकडे पाहुणे आले होते. रेक्टर बाईंच्या तोंडावर हळूहळू रंग चढत होता. त्या भिंतीवरच्या साडीकडे बघून "किती छान लावलंय नाही," असंसुद्धा म्हणाल्या. मला वाटतं बाईंना माहीत होतं साडीमागं काय आहे. पण पाहुणे म्हणून गेलेल्या घरात पडदा उचलून कोण बघतं?

"मग मावशी, मुलींच्या राहण्याची काही अडचण?" अध्यक्षांनी विचारलं. आम्हाला नाही, आईला.

"अडचन कसली सायेब," आई म्हणाली. "तुमच्या जिवावर पोर शिकताय. जेवायला मिळता, डोक्यावर छप्पर हाय. आनि काय पायजे?"

अध्यक्षांनी मान हलवली. मग आमच्याकडे वळून, अगदी प्रेमानं म्हणाले, "बघा मुलींनो. ही माउली गावाहून येते, आणि एका सकाळी खोली अशी करते. इमारत जुनी आहे, मला मान्य आहे. पण थोडी स्वच्छता आपणही ठेवायला हवी की नको? फोटोत तर काही भलतंच दिसत होतं."

'भलतंच' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. दारातल्या मुलीही माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी माझं ऐकून ओल्या गाद्यांवर रात्री काढल्या होत्या. आई माझ्याकडे बघून हसत होती, की बघ, तुझी लाज राखली.  आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि ती कुणाकुणाची वाटत होती तेही मला कळत नव्हतं. मुलींची वाटत होती, कारण आता त्या खोटारड्या ठरल्या होत्या. आईची वाटत होती. तिच्या भिजलेल्या साडीची, तिच्या 'सायेब सायेब'ची, तिच्या त्या 'आनि काय पायजे'ची. आणि आपल्याला आईची लाज वाटतेय हे कळल्यावर आणखी एक वाटली, ती सगळ्यांत वाईट.

मी पुढं गेले आणि साडीला हात घातला. ओढली. वरचा खिळा वाकडा होता, त्यात काठ अडकला, मी आणखी जोरात ओढली. फाटल्याचा आवाज झाला. आईच्या तोंडून "अगो!" निघालं. साडी खाली आली आणि तिच्याबरोबर गिलाव्याचा एक पापुद्रा अध्यक्षांच्या पायाशी पडला.

भिंत जमिनीपासून आईच्या डोक्याच्या उंचीपर्यंत घासलेली होती, करडी. त्याच्या वर काळी. शेवाळ, बुरशी, फुगलेला चुना, आणि त्यावरून पाण्याचा एक बारीक ओघळ चमकत खाली येत होता. साडीच्या आतल्या बाजूला तेवढ्यात काळे डाग उमटले होते.

"ही भिंत आहे," मी म्हटलं. मला खूप बोलायचं होतं. कडीचं, पाण्याचं, वासाचं, रात्री केसांवर पडणाऱ्या थेंबांचं. सगळं पाठ केलेलं होतं. पण मी तेवढंच परत म्हटलं, "ही आमची भिंत आहे. ही पुसून जात नाही."

 अध्यक्ष भिंतीकडे बघत राहिले. त्यांच्या हातात अजून अर्धी तवसळी होती. मला वाटलं, आता बोलतील. आता बाईंकडे वळून विचारतील, हे काय आहे. एवढंच हवं होतं मला. रागानं नाही, नुसतं विचारायला हवं होतं.

पण बोलली आई. ती खाटेपाशी उभी होती. तिनं पदर दोन्ही हातांनी धरला, आणि आमच्या गावात चूक झाली की देवाच्या पुजाऱ्यासमोर बोलतात त्या आवाजात म्हणाली,

"माफी करा सायेब. माज्या पोरीची काय चूक नाय हां. ती रोज पुसताय. आज मीच वायच कमी पडले. वर माजा हात पोचला नाय."

अध्यक्ष उठले. "असू दे, असू दे मावशी," ते म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर मऊ होता. "होतं असं. मनाला लावून घेऊ नका." आणि दाराकडे जाता जाता बाईंना म्हणाले, "पाऊस संपला की बघू या."

त्यांनी आम्हाला माफ केलं. चपला घातल्या, मुलींना "अभ्यास करा" म्हणाले आणि जिना उतरून गेले. गाडी निघून जाईपर्यंत मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. मला कुणाच्याही डोळ्याला डोळा द्यायचा नव्हता. मागं हर्णेवाली साडी उचलून झटकत होती. तिनं ती घडी केली, फाटका काठ आत घालून, आणि आईच्या पिशवीत ठेवली. आईला म्हणाली, "चाची, तवसळी आम्हाला पण द्या." मग दारातल्या मुली आत आल्या, आईभोवती बसल्या आणि त्यांनी ताटली रिकामी केली. मला कुणी काही बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी आईला सोडायला एस.टी. स्टँडवर गेले. फॉल-पिको राहिलंच होतं. बाकावर आम्ही दोघी बसलो. तिनं पिशवी मांडीवर घेतली होती आणि आत हात घालून ती साडीचा फाटलेला काठ बोटांनी चाचपत होती, मला दिसत नाही असं समजून. मी तिला सांगायचं ठरवलं होतं. रिक्षात बसल्यापासून वाक्यं जुळवत होते. आई, ती खोली आपली नाही. त्या भिंतीची माफी तू मागायची नव्हतीस. ती त्यांनी मागायची होती, माझी आणि तुझीसुद्धा.

"तुला माजा राग आला काय गो?" तिनं विचारलं.

"नाही."

"मला कळला नाय तुमचा काय ठरला होता ता. ती हर्ण्याची पोर सांगत होती मगाशी."  म्हणजे तिला कळलं होतं. मी मान खाली घातली. आता ती रडेल असं मला वाटलं, आणि स्टँडवर ती रडली तर लोक बघतील, हेही वाटलं. तशा वेळीही.

पण ती रडली नाही. तिनं सगळ्याचा आपल्या परीनं विचार करून झाला होता. ती म्हणाली, "पन मानूस चांगला हाय गो. एवढी काळी भित बघलान, पन आपल्याला एक शबूद बोलला नाय."

मी जुळवलेली सगळी वाक्यं तोंडात होती. मी म्हटलं, "होय. चांगला आहे."

गाडी लागली. तिनं खिडकीजवळची जागा धरली आणि बाहेर वाकून, कंडक्टर घंटा मारत असताना, ओरडून सांगितलं, "तू काय काळजी करू नको. गनपतीला तुजे बाबा येतील ना, तवा त्यांना घेऊन येते. त्यांचा हात वर पोचताय."

मी ते बोलणं समजूत घालण्यापुरतं आहे असं धरलं होतं. तसं नव्हतं. परीक्षा होती म्हणून मी त्या वर्षी गणपतीला घरी गेले नव्हते, आणि बाबांना गणपतीची मोजकीच रजा असायची. गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ते आणि आई सकाळच्या गाडीनं आले. बाबांच्या खांद्यावर चुन्याचं पोतं होतं, हातात कुंचा. बाबांनी मी ज्या खाटेबद्दल सांगितलं होतं ती बघितली, भिंत बघितली, आणि मला काही विचारलं नाही. तेच मला सहन होईना. ते खाली जाऊन टोपी काढून रेक्टर बाईंसमोर उभे राहिले, भिंतीला चुना मारला तर चालेल काय म्हणून विचारायला. बाईंनी लगेच परवानगी दिली.